छोट्या ट्रॅक्टरच्या बॉनेटखालची धग: सायलेन्सरला पट्टी गुंडाळण्याआधीची कामं

छोट्या ट्रॅक्टरचं बॉनेट उघडलं की सगळं एकमेकांना खेटून बसलेलं दिसतं. मॅनिफोल्डपासून (इंजिनमधला धूर गोळा करून सायलेन्सरच्या पाइपकडे नेणारा भाग) वीतभर अंतरावर इंधनाचा पाइप, त्याच्याखाली वायरिंग, पलीकडे बॅटरी. एखादी वायर वितळते, बॉनेटचा रंग फुगतो, नाहीतर पेट्रोल इंजिन गरम असताना बंद केलं की पुन्हा चालू व्हायला त्रास देतं. मग उष्णतारोधक पट्टीचं बंडल आणून पाइप गुंडाळला जातो. पट्टीच्या आत गॅसकेटची (जोडातली फट बंद करणाऱ्या पातळ चकतीची) गळती तशीच राहते, साचलेला भुसा तसाच राहतो, आणि महिन्याभरात दुसरीच वायर वितळते.

इथे बहुतेकांची चूक सामान निवडण्यात होत नाही, ती क्रमात होते. क्रम असा ठेवा: मोजणी, सफाई, गळती, इंजिनची तब्येत, हवेची वाट, नाजूक वस्तूंची जागा, पत्र्याचा आडोसा आणि अगदी शेवटी, लागलीच तर, पट्टी. पहिली पाच कामं नीट झाली तर पुढच्यांची गरज बऱ्याचदा निम्म्यावर येते.

एक फरक सुरुवातीलाच डोक्यात पक्का करा. बॉनेटखालची उष्णता तीन वाटांनी त्रास देते. वस्तू पाइपला टेकली तर बसतो तो चटका. तापलेली हवा अंगावर येते ती झळ. आणि मधे हवा असूनही तापलेल्या धातूसमोर नुसतं उभं राहिल्यावर जाणवते ती धग. चटक्याला उपाय अंतराचा, झळीला हवेच्या वाटेचा आणि धगीला आडोशाचा. झळीने तापलेल्या वायरीसमोर कितीही चकचकीत पत्रा लावला तरी ती तापतच राहील.

कामाला हात लावण्याआधी

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. सायलेन्सर वरून गार लागला तरी ओतीव लोखंडाचं मॅनिफोल्ड बराच वेळ तापलेलं असतं, म्हणून किमान २ तास थांबा. इंजिन चालवून करायची मोजणी-तपासणी सोडली तर प्रत्येक कामाआधी बॅटरीची ऋण तार आधी सोडा आणि जोडताना ती शेवटी जोडा. इंधनाचा कॉक असेल तर बंद करा.

जवळ ठेवायच्या वस्तू: इन्फ्रारेड थर्मामीटर, टॉर्क पाना (नट ठरावीक जोरानेच आवळणारा), वायर ब्रश, साबणाचं पाणी, जाड पुठ्ठा, पत्रा कापायची कात्री, चामड्याचे हातमोजे, चष्मा आणि कोरड्या पावडरचं अग्निशामक. पेटलेल्या डिझेल-पेट्रोलवर पाणी मारलं तर आग पसरते, त्यामुळे पाण्याच्या बादलीवर विसंबू नका.

सावधान: बंद शेडमध्ये इंजिन चालवून तपासणी करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं जड व्हायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. दार उघडं ठेवणं पुरेसं नाही, ट्रॅक्टर उघड्यावर काढा.

जुन्या ट्रॅक्टरच्या पाइपवर किंवा गॅसकेटमध्ये राखाडी, तंतुमय थर दिसला तर तो ॲस्बेस्टॉस असू शकतो. तो खरवडू नका, घासू नका, त्यावर हवेचा झोतही मारू नका. असलं काम त्याचं साहित्य आणि माहिती असलेल्या माणसाकडे द्या.

टप्पा १: आजचे आकडे लिहून काढा

हा टप्पा लोक हमखास गाळतात. मग पुढे काही फरक पडला की नाही हे कुणालाच सांगता येत नाही.

आठ-दहा जागा ठरवा आणि खुणेसाठी मार्करने ठिपके द्या: मॅनिफोल्ड, सायलेन्सर, इंधनाचा पाइप, फिल्टर किंवा कार्बोरेटर, मॅनिफोल्डच्या सगळ्यात जवळची वायर, बॅटरी, बॉनेटची आतली बाजू, स्टिअरिंगजवळचा पत्रा. ट्रॅक्टर नेहमीच्या कामावर २० ते ३० मिनिटं चालवा. नुसता जागेवर रेझ करून उपयोग नाही, भार नसताना धूर फारसा तापत नाही. थांबल्याबरोबर सगळ्या जागा मोजा. सोबत बाहेरच्या हवेचं तापमानही लिहा, कारण तुलना नेहमी हवेपेक्षा किती अंश जास्त याचीच करायची असते.

मग इंजिन बंद करून २, ५, १० आणि १५ मिनिटांनी तेच आकडे पुन्हा घ्या. फॅन थांबलेला असतो आणि मॅनिफोल्ड मात्र धगधगत असतं, म्हणून इंधनाचा पाइप आणि कार्बोरेटर यांचं सर्वाधिक तापमान बहुतेक वेळा इंजिन बंद केल्यानंतरच गाठलं जातं. पेट्रोलमधले हलके घटक ३५ ते ४० अंशांपासूनच उकळू लागतात. गरम इंजिन परत चालू होत नाही, त्याचं कारण बऱ्याचदा इथेच सापडतं.

सावधान: इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत पृष्ठभागावर खोटं बोलतो. चमकता पत्रा आजूबाजूची धग परावर्तित करतो, त्यामुळे २०० अंशांचा पत्रा ६० दाखवू शकतो. अशा जागी उष्णता सहन करणाऱ्या मॅट काळ्या रंगाचा रुपयाएवढा ठिपका द्या आणि त्यावरच मोजा.

आकड्यांचा अंदाज असावा म्हणून: भाराखालच्या डिझेल इंजिनात धूर साधारण ४०० ते ६५० अंश, पेट्रोल इंजिनात त्याहून जास्त. वायरींच्या साध्या पीव्हीसी वेष्टणाची मर्यादा प्रकारानुसार ७० ते १०५ अंश. बॅटरी ५० अंशांच्या वर राहायला लागली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. डिझेल आणि पेट्रोल दोन्ही २०० ते २८० अंशांच्या पट्ट्यात ठिणगीशिवाय पेटू शकतात. म्हणजे तापलेल्या मॅनिफोल्डवर इंधनाची धार पडली तर आग लागायला आणखी काही लागत नाही.

टप्पा २: सफाई

वाळलेलं गवत, भुसा, पाला, पक्ष्याचं घरटं. मॅनिफोल्डच्या खोबणीत, सायलेन्सरच्या मागे आणि पत्र्याच्या कोपऱ्यात हे सगळं साचतं. हा कचरा दोन प्रकारे घातक आहे. तो हवा अडवतो आणि तो स्वतः पेट घेतो. बारीक भुशाचा थर ज्वाळा न दिसता आतल्या आत तासन् तास धुमसत राहू शकतो.

आधी हाताने आणि ब्रशने काढा, मग दाबाची हवा मारा. रेडिएटरमध्ये हवा इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारा, नाहीतर कचरा जाळीत आणखी आत रुततो. हवेने गार होणाऱ्या इंजिनात वरचं आवरण काढून सिलेंडरच्या पंखांमधली घाण काढावी लागते. बाहेरून कितीही झोत मारला तरी ती निघत नाही. हे आवरण पुन्हा न बसवता इंजिन चालवू नका. फॅनची हवा पंखांवर वळवण्याचं काम तेच करतं.

तेलाचा चिकट थर कुठे दिसतो तेही याच वेळी पाहा. तेल गळत असेल तर ती गळती आधी बंद करायची. तेल पिलेला भुसा म्हणजे वातच.

सावधान: गरम इंजिनवर दाबाची हवा मारू नका. धुमसणारा कण असेल तर त्याला तुम्ही फुंकरच घालत असता.

टप्पा ३: धुराची गळती

मॅनिफोल्डच्या जोडातून सुटणारा बारीक झोत बॉनेटखाली गॅसबत्तीसारखा काम करतो. एका ट्रॅक्टरवर मी तीन वेळा बदललेली वायर पाहिली. आडोसा होता, पट्टी होती, वायर पाइपपासून चांगली लांब होती. गॅसकेटच्या एका कोपऱ्यातून निघालेला झोत पट्टीच्या आतून सरकत शेवटच्या वेढ्यातून बरोबर त्या वायरीवर येत होता.

गळती शोधायची ती इंजिन गार असताना.

१. जोडांभोवती काळा किंवा राखाडी काजळीचा पंखा उमटलाय का ते पाहा. गळतीची दिशा तो सांगतो.

२. हवा बाहेर फेकू शकणाऱ्या व्हॅक्युम क्लीनरचं तोंड सायलेन्सरच्या टोकाला कापडाने सैलसर बसवून हवा आत सोडा. प्रत्येक जोडावर, वेल्डवर आणि वाकांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तिथे गळती. फॅक्टरीने सायलेन्सरच्या तळाला ठेवलेलं पाणी निथळायचं छोटं भोक गळती समजून बंद करू नका.

३. सायलेन्सर हलक्या हाताने ठोका. खुळखुळ वाजला तर आतली पडदी तुटली आहे.

गॅसकेट बदलताना दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करून मॅनिफोल्डवर धातूची सरळ मोजपट्टी ठेवा आणि फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) वाकडेपणा तपासा. मर्यादेपेक्षा जास्त असेल तर मशीनवर सपाट करून घ्या. वाकड्या मॅनिफोल्डवर नवं गॅसकेट फार दिवस टिकत नाही. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने, मधून बाहेरच्या दिशेला, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. एकाच फेरीत पूर्ण आवळलं की एक टोक उचललं जातं. गंजलेला स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) पुन्हा वापरू नका.

तपासा: इंजिन एकदा पूर्ण तापवून पूर्ण गार झाल्यावर नटांचा टॉर्क पुन्हा पाहायचा. नवं गॅसकेट पहिल्या तापण्यात दबतं आणि नट ढिले पडतात. मात्र मॅन्युअलने दुसऱ्यांदा आवळू नका असं सांगितलं असेल तर तेच खरं.

टप्पा ४: धूरच जास्त तापतोय का?

कधी बॉनेटखालची व्यवस्था ठीक असते आणि धूरच गरजेपेक्षा जास्त गरम येतो. डिझेलमध्ये याची नेहमीची कारणं म्हणजे चोंदलेला एअर फिल्टर, गळका इंजेक्टर, चुकलेलं पंपाचं टायमिंग आणि पंपावर वाढवून ठेवलेलं डिझेल. भाराखाली सतत काळा धूर हे त्याचं उघड लक्षण. पेट्रोलमध्ये मिश्रणात हवा जास्त असणं किंवा ठिणगी उशिरा पडणं, ही दोन कारणं आधी तपासा.

सायलेन्सरच्या टोकाला ठिणगीरोधक जाळी असेल तर ती काढून काजळी ब्रशने साफ करा. चोंदलेल्या जाळीमुळे धूर मागे दाबला जातो, ताकद कमी होते आणि मॅनिफोल्ड तापतं. जाळी साफ करून परत बसवायचीच. सुक्या गवतात चालणाऱ्या ट्रॅक्टरची ती काढून टाकणं म्हणजे आगीला बोलावणं.

टप्पा ५: हवेला आत आणि बाहेर वाट

पाण्याने गार होणाऱ्या बहुतेक छोट्या ट्रॅक्टरमध्ये फॅन समोरून हवा ओढतो, रेडिएटरमधून नेतो आणि इंजिनवरून मागे ढकलतो. म्हणजे मॅनिफोल्डपर्यंत पोहोचणारी हवा आधीच तापलेली असते. ती बाहेर पडली नाही तर बॉनेटखाली फिरत राहते आणि फटींतून पुन्हा रेडिएटरसमोर येते. रेडिएटर नवा टाकूनही तापमान उतरत नाही, तेव्हा बऱ्याचदा हेच चाललेलं असतं.

लोकरीच्या दोऱ्याचे बोटभर तुकडे बॉनेटच्या कडांना, बाजूच्या जाळ्यांना आणि रेडिएटरच्या चारही बाजूंना टेपने चिकटवा. फॅनच्या जवळपास एकही दोरा नको. इंजिन चालू करून दुरून पाहा. दोरा ज्या दिशेला उडेल तिकडे हवा जाते. रेडिएटरच्या कडेचा दोरा मागून पुढे उडत असेल तर गरम हवा परत फिरतेय. तिथली फट फोमच्या किंवा रबराच्या पट्टीने बंद करा. फॅनभोवतीचं काउल (हवा वळवणारं आवरण) तुटलं असेल तर आधी ते बसवा. काउल नसलेला फॅन जागच्या जागी हवा घुसळतो.

हवेची बाहेर जायची जागा आत येणाऱ्या जागेपेक्षा मोठी हवी. ३० अंशांची हवा ९० अंशांपर्यंत तापली की तिचं आकारमान सुमारे २० टक्क्यांनी वाढतं. जाळीच्या तारांनी अडवलेली जागाही हिशेबातून वजा करा.

इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे बाजूचे पत्रे काढून ट्रॅक्टर चालवणं. इंजिन उघडं पडलं की गार राहील असं वाटतं. पण पत्रे काढले की काही ट्रॅक्टरांत हवा सोपी वाट धरून इंजिनला न शिवता बाहेर जाते आणि मॅनिफोल्ड आणखी तापतं. शिवाय फॅन आणि पट्टा उघडे पडतात. पत्रे काढून खरंच फायदा होतो का ते टप्पा १ च्या आकड्यांनी ठरवा, आणि होत असेल तर त्याच पत्र्यांना जाळीदार खिडकी करा.

उभा पाइप बॉनेटमधून वर जात असेल तर त्याच्याभोवती चारही बाजूंनी २० ते २५ मिमी मोकळी जागा सोडा. तापलेला पाइप त्या फटीतली हवा वर खेचतो आणि आतली झळ आपसूक बाहेर पडते. ही फट पावसाच्या भीतीने रबराने बुजवलेली मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. पाऊस अडवायला फटीच्या वर पाइपला उलट्या ताटलीसारखी पत्र्याची कॉलर लावा.

टप्पा ६: नाजूक वस्तू लांब न्या

आडोसा करण्याआधी वस्तू हलवता येते का हे विचारा. इंधनाचा पाइप धुराच्या पाइपच्या वरून कधीही नेऊ नका. गळला तर थेंब थेट तापलेल्या धातूवर पडेल. बाजूने नेला तरी किमान १०० मिमी अंतर ठेवा. वायरी मॅनिफोल्डच्या खालून किंवा दूरच्या बाजूने न्या, कारण गरम हवा वर चढते.

बांधायला प्लास्टिकची टाय वापरू नका, ती मऊ पडते आणि पाइप हळूहळू लोंबत मॅनिफोल्डवर जातो. आतून रबर असलेला लोखंडी क्लॅम्प वापरा. इंजिन रबरी माउंटवर असेल तर ते चालताना आणि बंद होताना हलतं, म्हणून इंजिनपासून चॅसिसवर जाणाऱ्या प्रत्येक वायरीला आणि पाइपला थोडी ढील ठेवा.

टप्पा ७: पत्र्याचा आडोसा

आता धगीचा बंदोबस्त. धग धातूच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, त्यामुळे मॅनिफोल्ड थोडंसं जास्त तापलं तरी समोरच्या वस्तूला फरक मोठा जाणवतो. चकचकीत पत्रा यातला बराचसा भाग परत पाठवतो, पण एका अटीवर: दोन्ही बाजूंना हवा खेळती हवी.

पत्रा: ०.५ ते ०.८ मिमी स्टेनलेस किंवा १ मिमी ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आणि त्याच्या खूप आधी, २०० अंशांच्या पुढे, त्याची ताकद ओसरायला लागते. म्हणून ते थेट मॅनिफोल्डच्या स्टडवर आवळू नका, तिथे स्टेनलेसच हवं. जस्त चढवलेला पत्रा किंवा पाइप धुराच्या वाटेवर नको. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, आणि असा पत्रा वेल्ड करताना निघणारी वाफ माणसाला आजारी पाडते.

१. आधी जाड पुठ्ठ्याचा नमुना कापा, गार इंजिनवर बसवा, बॉनेट बंद करून पाहा. आडोसा आणि बॉनेट यांच्यात ओल्या मातीचा गोळा ठेवून बॉनेट दाबलं की नेमकी किती जागा उरते ते कळतं.

२. पाइप आणि आडोसा यांच्यात १५ ते २० मिमी, आडोसा आणि वाचवायची वस्तू यांच्यातही किमान तितकंच अंतर. जागा कमी असेल तर जाड पत्र्याऐवजी दोन पातळ पत्रे, मधे ८ ते १० मिमी फट ठेवून लावा. दोन पातळ पत्रे एका जाड पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त धग अडवतात.

३. वरची आणि खालची कड उघडी सोडा. खालून गार हवा येईल, वरून तापलेली जाईल. पेटीसारखा चारी बाजूंनी बंद आडोसा थोड्या वेळाने स्वतःच धग देऊ लागतो.

४. कडा १० मिमी दुमडून घ्या. कच्ची कड थरथरते, वाजते आणि भोकापासून चिरत जाते. आडवा, पन्हळीसारखा भाग ठेवू नका, त्यात भुसा साचतो.

५. बोल्टची भोकं लांबट ठेवा. १ मीटर लोखंडी पाइप ५०० अंशांनी तापला की सुमारे ६ मिमी लांब होतो, स्टेनलेसचा ८ मिमीहून जास्त. घट्ट गोल भोक असेल तर पत्रा वाकतो किंवा बोल्ट तुटतो.

६. नायलॉनचं कडं असलेले लॉकनट इथे चालत नाहीत, नायलॉन मऊ पडून ते सुटतात. पूर्ण धातूचे लॉकनट आणि रुंद वॉशर वापरा.

आडोसा इंजिनला तरी बांधा, नाहीतर चॅसिसला. अर्धा इकडे, अर्धा तिकडे बांधलेला आडोसा थोड्याच दिवसांत फाटतो.

तपासा: हाताने हलवा, पाइपला लागत नाही ना? बॉनेट बंद करून पुन्हा ऐका. खडखड असेल तर आत्ताच सोडवा.

बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवायची चमकती पट्टी रंग वाचवायला चांगली. पण तिचा डिंक किती अंश सहन करतो ते पाहूनच घ्या. पृष्ठभाग तेलकट असेल तर ती सुटून थेट फॅनमध्ये जाऊ शकते.

टप्पा ८: पट्टी, हवीच असेल तर

पट्टी पाइपच्या आतली उष्णता आतच ठेवते. म्हणजे ती उष्णता पुढच्या भागात, सायलेन्सरमध्ये आणि टोकाशी जाते. तिथे काय आहे ते आधी पाहा. आडोसा बसेल एवढीही जागा नसलेल्या पाइपच्या सरळ तुकड्यासाठीच मी पट्टीचा विचार करतो.

ओतीव मॅनिफोल्ड, लवचीक बेलोज (पाइपमधला पन्हळीदार तुकडा) आणि सायलेन्सरचा डबा गुंडाळू नका. ओतीव लोखंडाला स्वतःची उष्णता सोडता आली नाही की तडे जाण्याचा धोका वाढतो. साध्या लोखंडी पाइपवर पट्टी ओल धरते आणि गंज आतून खातो. रोज धुतला जाणारा ट्रॅक्टर असेल तर पट्टी नकोच. तेल किंवा डिझेल उडू शकेल अशा जागीही नको, कारण भिजलेली पट्टी पेटते.

काचतंतूची पट्टी हाताळताना मोजे, लांब बाह्या आणि मास्क घाला. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर पाव रुंदी चढवा, टोकं स्टेनलेसच्या पट्ट्यांनी बांधा. पहिल्यांदा तापल्यावर तिच्यातून धूर निघतो, म्हणून पहिली तापवणी उघड्यावर, अग्निशामक हाताशी ठेवून करा.

टप्पा ९: पुन्हा मोजा

टप्पा १ चाच भार, तीच वेळ, तेच ठिपके. बाहेरच्या हवेचं तापमान वजा करून दोन्ही रकाने शेजारी मांडा. एखादी जागा आधीपेक्षा गरम झाली असेल तर तुम्ही उष्णता हलवली आहे, घालवलेली नाही. बहुतेक वेळा आडोशाने हवेची वाट अडलेली असते, टप्पा ५ चे दोरे पुन्हा बांधा. इंजिन बंद केल्यानंतरचे आकडे अजून जास्त असतील तर काम संपल्यावर ३ ते ५ मिनिटं कमी रेझवर चालवूनच बंद करा, आणि पेट्रोल इंजिन असेल तर थांबल्यावर बॉनेट उघडं ठेवा. टर्बो असलेल्या इंजिनला ही सवय कायमचीच हवी.

पहिल्या १० तासांच्या कामानंतर आडोशाचा प्रत्येक बोल्ट, मॅनिफोल्डचे नट आणि इंधनाच्या पाइपचे क्लॅम्प गार इंजिनवर पुन्हा तपासा. त्यानंतर दर तेलबदलाला. भुसा आणि गवताच्या हंगामात मॅनिफोल्डमागची जागा मात्र रोज सकाळी, इंजिन चालू करण्याआधी, टॉर्चच्या उजेडात पाहायची.